कमलचं लग्न, टेस्टिंगसकट

आमच्या ऑफिसात कुठलंही काम किती दिवसांत होईल हे ठरवायची एक पद्धत होती. नाबरसाहेब भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि पुढचा चांगला मुहूर्त शोधायचे. त्या दिवशी उद्घाटन. मग तिथून उलट मोजत आजपर्यंत यायचं. प्रोग्राम लिहायला चंद्रप्रकाश मागेल तेवढे दिवस, तो हमखास उशीर करणार म्हणून वर आणखी थोडे, पेढ्यांची ऑर्डर द्यायला एक दिवस, आणि मग जे उरेल ते टेस्टिंगला. बहुतेक वेळा काही उरायचंच नाही. साहेब त्याला टेस्टिंग म्हणायचेही नाहीत. "रत्नाबाई, जरा डोळ्याखालून घाला," म्हणायचे. जसं काही ते लग्नपत्रिकेचं प्रूफ होतं.

सत्त्याऐंशी साल होतं. अंधेरीला, मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा. खाली पितळी नळ घासण्याचं मशीन दिवसभर किंचाळायचं आणि वर आम्ही देशाला एकविसाव्या शतकात नेत होतो. तीन कंप्युटर, एक एसी. एसी कंप्युटरसाठी होता, त्याच्या पुण्याईने आम्हालाही वारा लागायचा. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जातो तसं.

मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले होते. कंप्युटर आला तेव्हा त्याच्याबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक कुणी उघडेना, ते मी शेजारी डिक्शनरी घेऊन वाचून काढलं. त्यामुळे चुका शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चुका शोधणाऱ्या बाईवर घरातले आणि ऑफिसातले सारखंच प्रेम करतात. माझ्या हाताखाली कमल होती, मानखुर्दची, बी.कॉम. झालेली. हाताखाली म्हणायचं एवढंच, बोलायला ती सगळ्यांच्या डोक्यावर.

त्या वर्षी साहेबांनी घाटकोपरच्या एका मंगल कार्यालयाचं काम आणलं. मालक दत्ताराम पेडणेकर, आमच्याच मुलखातले, सावंतवाडीकडचे. त्यांच्या 'शुभकार्य हॉल'चं बुकिंग कंप्युटरवर करायचं होतं. सकाळ-संध्याकाळचे हॉल, वरची खोली, स्वयंपाकघर, मांडववाला, बॅंडवाला, सगळं. पेडणेकरांना कंप्युटर कशाला हवा होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या समोरच्या हॉलवाल्याने फोटोकॉपी मशीन घेतलं होतं, एवढंच कारण असावं.

मीटिंगला पेडणेकर स्वतः आले. साहेबांनी कॅलेंडर पाहिलं, अक्षय्य तृतीया ठरवली आणि उलटं मोजत माझ्यापर्यंत आले.

"रत्नाबाई, डोळ्याखालून घालायला किती दिवस?"

"सहा आठवडे," मी म्हटलं.

"सहा आठवडे? लग्न लावायचंय की संसार करायचाय?"

पेडणेकर पोट हलवून हसले. चंद्रप्रकाशही हसला, त्याचा प्रोग्राम मी तपासणार होते म्हणून जरा जास्तच.

मी समजावून सांगितलं. बुकिंग करून बघायचं, रद्द करून बघायचं, तारीख बदलून बघायची, दोन पार्ट्या एकाच वेळी आल्या तर काय होतं ते बघायचं. आणि हे वर्षाच्या प्रत्येक महिन्यात करून बघायचं, कारण सीझनप्रमाणे प्रत्येक महिन्याचे नियम वेगळे होते, आणि चंद्रप्रकाशने प्रत्येक महिन्यासाठी वेगळी चूक केली असण्याची शक्यता होती. हे शेवटचं मी मोठ्याने म्हटलं नाही.

"प्रत्येक महिना कशाला?" साहेब म्हणाले आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "लग्नं होतात तेवढेच महिने तपासा. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं नाहीत, पौषात नाहीत. पाच महिने गेले. राहिले किती?"

वर्षातले पाच महिने त्यांनी तिथल्या तिथे भाजीच्या देठांसारखे खुडून टाकले. पेडणेकरांनी मान डोलावली. "बरोबर हा. म्हाळाच्या दिवसांत लगीन कोण करता? हॉल रिकामोच पडता."

"मी करते," कमल म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"सप्टेंबरात लग्न आहे माझं. तुमच्याच हॉलमध्ये आहे, पेडणेकरकाका. वडील येऊन ठरवून गेलेत, पावती आहे."

"तां तुझा होय?" पेडणेकर म्हणाले. "मानखुर्दची पार्टी ती? बरा बरा."

"पितृपक्षात?" साहेबांचा आवाज खाली गेला, कुणी आजारी असल्यासारखा.

"आमच्यात नसतो साहेब पितृपक्ष. आम्ही मुहूर्त बघत नाही, सुट्टी बघतो. नवरा, भाऊराव, मस्कतला वेल्डर आहेत, त्यांना तेव्हाच तीन आठवडे मिळतात. परत गेले की दोन वर्षं येत नाहीत."

"हो हो, तुमच्यात... बरोबर, बरोबर," साहेब म्हणाले आणि समोरचा पेपरवेट दोनदा फिरवला. असं काही पुढे आलं की ते नेहमी फार समजूतदार व्हायचे आणि कुणाच्याच डोळ्यांत बघायचे नाहीत. "मग असं करू या. कमल, तुझंच लग्न घाल त्यात. खरं बुकिंगही झालं आणि त्या महिन्यांचं टेस्टिंगही झालं. एक एन्ट्री, काम खलास."

पाच महिन्यांचं टेस्टिंग एका मुलीच्या लग्नात उरकायचं, असा तो हिशोब होता. वर ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू मला माहेरची साडी दिली.

पुढे जे व्हायचं ते झालं. चंद्रप्रकाशला उशीर झाला, त्याचा उशीर माझ्या दिवसांतून कापला गेला, आणि माझ्या वाट्याला उरला एक आठवडा. त्या आठवड्यात आम्ही दोघींनी नुसती लग्नं लावली. खोटी नावं सुचून सुचून किती सुचणार, म्हणून मी गावाकडची फळं घेतली. चि. फणस आणि चि. सौ. कां. कैरी. चि. काजू आणि चि. सौ. कां. करवंद. जांभूळ दोनदा बोहल्यावर चढलं, तेही एकाच सकाळी, वेगवेगळ्या नवऱ्यांबरोबर, आणि प्रोग्रामने दोघांनाही हॉल दिला.

मी चंद्रप्रकाशला बोलावलं. "हे बघ, जांभळीला दोन नवरे दिलेत तू."

"असं कोण करतं ताई?" तो म्हणाला.

"लोक करतात रे. दोन वेगवेगळे लोक येतात, दोघांनाही तीच सकाळ हवी असते."

"पण तुम्ही मुद्दाम केलंत."

"मुद्दामच करायचं असतं. पगार त्याचाच आहे."

"ताई, तुम्ही ना, वाट लावता यार," तो म्हणाला आणि दुरुस्त करायला बसला. वाईट नव्हता मुलगा. कांदिवलीहून यायचा, आईने दिलेले मेथीचे ठेपले आम्हाला वाटायचा. फक्त आपल्या प्रोग्रामकडे तो पहिल्या बाळाकडे बघावं तसा बघायचा, आणि आम्ही त्या बाळाला चिमटे काढतोय असं त्याला वाटायचं.

कमलने स्वतःचं लग्न स्वतः टाइप केलं. नाव, वराचं नाव, सकाळचा हॉल, स्वयंपाकघरासकट. मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं, लग्न जागच्या जागी होतं. "बघा ताई, टिकलं," ती म्हणाली. मी म्हटलं, "मशीनमध्ये टिकलं. आता घरात टिकव."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी माझं बरंच तपासायचं राहिलं होतं. पण त्या दिवशी साहेबांनी आम्हाला घाटकोपरला हॉलवर रांगोळी काढायला पाठवलं. ऑफिसात बायका आम्ही दोघीच, त्यामुळे रांगोळी, हार आणि पेढ्यांचे बॉक्स हे सगळं सॉफ्टवेअरच्या आमच्या बाजूला यायचं. त्या दुपारी चंद्रप्रकाशने खोटी लग्नं पुसायला घेतली. ह्या कामाला वेळ लागतो हे साहेबांनी कुठेच धरलं नव्हतं. फळांची नावं शोधून शोधून एकेक पुसताना त्याचा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा साहेब त्याला म्हणाले, "अरे, त्या पाच महिन्यांत काय असेल ते सरळ उडव. तिथे खरं काय असणार?"

त्याने एक कमांड दिली. पाच महिने साफ.

हे अर्थात आम्हाला तेव्हा कळलं नाही. आम्ही घाटकोपरला गुडघे मोडून कमळ काढत होतो. दुसऱ्या दिवशी पेडणेकरीणबाईंनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं, साहेबांनी नारळ फोडला, त्याचं पाणी की-बोर्डवर उडू नये म्हणून मी मध्ये माझा पदर धरला. पेडणेकरांनी बुकिंगची जुनी डायरी मोठ्या थाटात रद्दीत टाकली आणि भाषण केलं, की आजपासून ह्या हॉलमध्ये जे होईल ते कंप्युटरला विचारून होईल.

श्रावण सरत आला तेव्हा कमल छापलेल्या पत्रिका घेऊन हॉलवर गेली, खुर्च्या आणि जेवणाच्या टेबलांचं ठरवायला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली ती चपला न काढता सरळ माझ्या टेबलाशी. मी समजले की काहीतरी बिनसलंय.

"ताई, माझं लग्न नाहीये."

"म्हणजे? भाऊराव येत नाहीत?"

"ते येतायत. हॉल नाहीये. तिथला बुकिंगवाला सहदेव मशीनमध्ये बघून म्हणाला, त्या दिवशी साड्यांचा सेल आहे. मी म्हटलं नीट बघ, माझं नाव मी माझ्या हाताने घातलंय. तर म्हणतो, ताई, कंप्युटर म्हणतो तुमचं नाव नाही, आता मी काय करू." तिने पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "साडेतीनशे वाटून झाल्यात. आईने नांदेडपासूनच्या लोकांना पाठवल्यात."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. चहा सांगितला असता.

साहेबांनी आम्हाला त्यांच्या फियाटमध्ये घालून घाटकोपरला नेलं. चंद्रप्रकाशने हॉलच्या मशीनसमोर बसून बटणं दाबली, मग दाबायचा थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सर, ते आपण तेव्हा पाच महिने उडवले होते ना..."

"आपण नाही, तू."

"तुम्हीच म्हणालात सर, तिथे खरं काय असणार."

साहेब माझ्याकडे वळले. कुठल्याही वादळात साहेबांची मान शेवटी माझ्याकडेच वळायची. "रत्नाबाई, हे टेस्टिंगमध्ये कसं सुटलं?"

"टेस्टिंगमध्ये लग्न जागेवर होतं साहेब," मी म्हटलं. "मी मागितलेल्या सहा आठवड्यांत पुसून झाल्यावर पुन्हा बघायचं पण होतं. ते आठवडे तुम्ही पुसलेत. त्यांच्याबरोबर लग्नही पुसलं."

"आता मागचं उगाळून काय उपयोग?" साहेब म्हणाले. ज्याने केलेलं असतं त्याला मागचं कधीच उगाळायचं नसतं.

पेडणेकर बिचारे खरंच ओशाळले होते. "बाय माझे, पावती खरी हा, मी नाय म्हणूचंय नाय. पण सेलवाल्यांका हॉल दिलो. तुका तुळशीच्या लग्नानंतरचो पयलो मुहूर्त देतंय. फुकट. मांडव माझ्याकडसून."

साहेबांना तर आनंदच झाला. "बघ कमल. उलट फायदा झाला. चांगला मुहूर्त, चांगले दिवस, आणि फुकट."

"तेव्हा नवरा मस्कतला असेल साहेब," कमल म्हणाली. "फोटो ठेवून लावू का?"

साहेब म्हणाले, "पण एवढी काय घाई? आपण प्रोग्राम दुरुस्त करतोय ना."

त्यांना खरोखर वाटत होतं की प्रोग्राम दुरुस्त झाला की झालं. ज्या मुलीचं लग्न त्यातून पुसलं गेलं ती समोर उभी आहे, तिच्या पिशवीत उरलेल्या पत्रिका आहेत, हे त्यांच्या डोळ्याखालून गेलं, पण आत उतरलं नाही.

कमलने पेडणेकरांकडून सेलवालीचा पत्ता घेतला. आम्ही दोघी संध्याकाळी कांदिवलीला गेलो. मालनबाई, जाड भिंगाचा चष्मा, अंगणाएवढ्या सतरंजीवर साड्यांच्या डोंगरात बसलेल्या. तीन दिवसांचा सेल, शिवाय लोक म्हाळात नवीन कपडा घेत नाहीत म्हणून आधीच घायकुतीला आलेल्या.

"हॉल स्वस्त मिळाला म्हणून घेतला," त्या म्हणाल्या. "आता पस्तावतेय. गिऱ्हाईक फिरकायचं नाही. पण ठरलं ते ठरलं. तुला सोडून दिला तर माल ठेवू कुठे?"

"अख्खा दिवस, अख्खा हॉल मला द्या," कमल म्हणाली.

"अगं वेडी का खुळी. कोपरा देते हवं तर."

"कोपऱ्यात चारशे माणसं मावत नाहीत मावशी."

मालनबाईंच्या हातातली साडी घडी व्हायची थांबली. "चारशे? त्यात बायका किती?"

"अर्ध्याहून जास्त. आणि आमच्यात म्हाळ पाळत नाहीत. नवीन साडी कधीही चालते."

मग आमची जी घासाघीस झाली ती तासभर चालली. मी मध्ये मध्ये पाणी प्यायले. शेवटी स्टेज आणि पुढचा अर्धा हॉल, सकाळपासून जेवणं होईपर्यंत, कमलचा. मागचा अर्धा आणि चारही भिंती मालनबाईंच्या. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तू आधी अख्खा का मागितलास गं? अर्धाच हवा होता ना?"

"अर्धा मागितला असता तर कोपरा मिळाला असता," कमल म्हणाली. "नाबरसाहेबांकडे दोन वर्षं काढलीत ताई, अगदीच वाया नाही गेली."

आणि तेव्हा, कांदिवलीच्या त्या रस्त्यावर, भेळवाल्याच्या गाडीशेजारी उभी राहून ती रडली. मी तिला रडू दिलं. वाटलं, सहा आठवडे मागताना मीही बारा मागायला हवे होते का. पण बारा मागितले असते तर साहेबांनी कॅलेंडरमधून आणखी महिने कमी केले असते, माणसाचा काही नेम नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. स्टेजवर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मोगऱ्याचे हार, मेणबत्त्या. स्टेजच्या वर मालनबाईंचा कापडी बोर्ड तसाच होता, कारण तो काढायला मोठी शिडी लागत होती. 'भव्य सेल. एकदा घेतलेला माल परत घेतला जाणार नाही.' भाऊराव, उंच, उन्हाने रापलेले, पांढऱ्या शर्टात त्याच्या बरोब्बर खाली उभे होते. त्यांनी वर पाहिलं, वाचलं आणि कमलला म्हणाले, "हे तुझ्यासाठी लिहिलंय की माझ्यासाठी?"

"दोघांसाठी. गप उभे राहा," कमल म्हणाली.

भिंतीभर साड्या लटकत होत्या, जांभळ्या, मोरपंखी, आमसुली. मध्ये पांढऱ्या साडीतली ही मुलगी अशी उठून दिसत होती, की डेकोरेशनवाल्याला सांगून करून घेतलं असतं तरी इतकं जमलं नसतं. बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं, चारशे आवाज मागून आले, सेलमधल्या नोकरमुलीही हात जोडून उभ्या राहिल्या. दोघांनी प्रतिज्ञा घेतल्या, हार घातले, फुलांच्या पाकळ्या पडल्या.

नाबरसाहेब आले होते. कितीही झालं तरी ते लग्नाला येतात आणि चांगला आहेर देतात, हे सांगायला हवं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "झालं? एवढ्यात?"

"झालं साहेब," कमल म्हणाली.

"मग अख्ख्या सकाळचा हॉल कशाला घेतलास? तासाभरात आटोपण्यासारखं होतं."

"लग्न लागायला एवढाच वेळ लागतो साहेब. बाकीचा वेळ माणसांना लागतो." आणि तिने समोर बघितलं. समोर तिची आई नांदेडच्या बहिणीच्या गळ्यात पडून किती वर्षांनी भेटल्याचं मोजत होती. भाऊरावांचे वडील अनोळखी माणसांना ओढून ओढून जेवायला बसवत होते. आणि मागच्या भिंतीशी मालनबाई एकाच वेळी सहा बायकांना साड्या उलगडून दाखवत होत्या, चष्मा घामाने घसरत होता.

साहेबांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही ते मला कळलं नाही. त्यांच्या वहीत 'माणसं' ह्या रकान्याला कधीच दिवस लावलेले नसायचे.

जेवणं उरकत आली तेव्हा सहदेव खालच्या केबिनमधून घाम पुसत वर आला. पेडणेकरांचा नियम असा की हॉलमध्ये झालेलं कार्य मशीनमध्ये घातल्याशिवाय दिवस संपवायचा नाही. "मालक, हे लग्न घेत नाही तो. तीनदा घातलं. म्हणतो, ह्या दिवशी दुसरं कार्य आहे."

पेडणेकरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चंद्रप्रकाशकडे पाहिलं. चंद्रप्रकाशच्या तोंडात जिलबी होती. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, जांभळीची भानगड दुरुस्त केली ना आपण. म्हणून घेत नाहीये. म्हणजे प्रोग्राम बरोबर चाललाय."

"चाललाय ना," मी म्हटलं. "आता एका सकाळी एकच कार्य."

"मग आता काय करूया?" सहदेवने विचारलं. "साड्या काढून लग्न घालू की लग्न राहू दे?"

पेडणेकर काही बोलणार होते, पण कमलने हातातला हार सावरत त्यांना थांबवलं. नवरा शेजारी होता, सासू ओटी भरायची रीत नको म्हणून नुसताच तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उभी होती.

"राहू दे रे सहदेव," ती म्हणाली. "त्याच्यात नको घालूस. एकदा घातलं होतं."